विद्यापीठात बोलायचे कोणी आणि ठरवायचे कोणी?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या टपालात विद्यापीठांतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयी इतकी पत्रे आली की संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यायचे ठरवले. बहुतेक पत्रलेखकांचा रोख अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील विद्यापीठांकडे आहे. तेथील वाद जगभर पोचतात आणि तेथील नियम, निकाल व अहवाल कोणालाही वाचता येतात, म्हणून उत्तरेही मुख्यतः तेथील उदाहरणांच्या आधारे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत. आशय मात्र पत्रलेखकांचाच आहे.

प्रश्न : विद्यापीठ म्हणजे मुक्त विचारांचे व्यासपीठ, असे आपण मानतो. मग प्राध्यापकाला वर्गात काहीही बोलता येते का? येत नसेल, तर ते स्वातंत्र्य कसले?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन स्वातंत्र्ये एकत्र आली आहेत आणि या विषयावरच्या निम्म्या वादांचे मूळ या सरमिसळीतच असते. अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा नागरिकाचा हक्क आहे. तो विद्वानाला जितका आहे तितकाच अडाण्याला आहे. बोलणे खरे असावे, अभ्यासपूर्ण असावे, अशी त्याला अट नाही. शैक्षणिक स्वातंत्र्य मात्र एका व्यवसायाचे आहे. कोणता विषय संशोधनाला घ्यायचा, त्यातून काय निष्कर्ष काढायचे, ते कसे शिकवायचे आणि कुठे छापायचे, याचा निर्णय संस्थाचालकांनी, सरकारने किंवा देणगीदारांनी न करता त्या विषयातील जाणकारांनी करायचा, हा त्याचा गाभा आहे. त्यामुळे जाणकारांच्या परीक्षेची अट या स्वातंत्र्याला जन्मापासूनच चिकटलेली आहे. पृथ्वी सपाट आहे असे भूगोलाच्या प्राध्यापकाने भर चौकात सांगितले, तर नागरिक म्हणून तो त्याचा प्रश्न. तेच त्याने वर्गात शिकवले, तर विभागाने त्याला जाब विचारणे ही गळचेपी नव्हे, ते विभागाचे कामच आहे.

अमेरिकेतील प्राध्यापकांच्या संघटनेने, म्हणजे १९१५ साली स्थापन झालेल्या 'अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स'ने, महाविद्यालयांच्या संघटनेबरोबर १९४० साली एक निवेदन प्रसिद्ध केले. आपल्या विषयाची चर्चा वर्गात करण्याचे शिक्षकाला पूर्ण स्वातंत्र्य असावे, पण विषयाशी संबंध नसलेले वादग्रस्त मुद्दे त्याने वर्गात आणू नयेत, आणि नागरिक म्हणून बाहेर बोलताना आपण संस्थेच्या वतीने बोलत नाही हे स्पष्ट करावे, असे त्यात म्हटले आहे. अनेक विद्यापीठांच्या सेवानियमांत ही भाषा आजही जवळजवळ जशीच्या तशी आढळते.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा लागतो, कारण वृत्तपत्रीय चर्चेत तो हमखास हरवतो. अमेरिकेच्या घटनेतील पहिली दुरुस्ती, म्हणजे भाषणस्वातंत्र्याला संरक्षण देणारी तरतूद, सरकारला बांधते, खासगी संस्थेला नाही. म्हणजे बर्कलेसारख्या सरकारी विद्यापीठावर तिचे थेट बंधन आहे; हार्वर्ड किंवा येल यांच्यावर बंधन आहे ते त्यांनी स्वतः दिलेल्या वचनांचे आणि केलेल्या करारांचे. बर्कलेतही हे बंधन आपसूक अमलात आले नाही. १९६४ साली आवारात राजकीय पत्रके वाटण्यास आणि निधी गोळा करण्यास मनाई झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी पोलिसांच्या गाडीला दीड दिवसाच्या आसपास वेढा घातला. डिसेंबरमध्ये प्रशासकीय इमारतीत ठिय्या देणाऱ्या सुमारे ८०० जणांना अटक झाली. त्यानंतर ८ डिसेंबरला प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी ठराव केला की भाषणाच्या आशयावर विद्यापीठाने निर्बंध घालू नयेत. वेळ, जागा आणि पद्धत यांविषयी वाजवी नियम मात्र असावेत. पुढच्या साठ वर्षांत या विषयावर कितीतरी समित्या बसल्या, पण त्या एका ठरावापलीकडे त्यांनी फारसे काही सांगितले आहे असे मला वाटत नाही.

प्रश्न : आमच्या विद्यापीठाच्या ध्येयधोरणात मुक्त चर्चेचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात आहे. तरीही आमच्या मंडळाला वादग्रस्त विषयावरच्या व्याख्यानासाठी सभागृह मिळत नाही. लेखी नकार कोणी देत नाही. तारीख मात्र पुढे सरकत राहते. याला काय म्हणावे?
– विद्यार्थी मंडळाची एक पदाधिकारी

उत्तर : अशा वेळी ध्येयधोरण वाचू नये, सभागृहाच्या आरक्षणाचा अर्ज वाचावा. संस्थेचा खरा अग्रक्रम तेथे दिसतो. मोठ्या विद्यापीठांतील असे अर्ज साधारण एकाच वळणाचे असतात: वक्ता बाहेरचा आहे का, त्याच्या पूर्वीच्या कार्यक्रमांत गोंधळ झाला होता का, श्रोते किती अपेक्षित आहेत, बाहेरच्यांना प्रवेश आहे का, पत्रकार येणार का, निदर्शनांची शक्यता वाटते का, आणि शेवटी, सुरक्षेचा खर्च कोण उचलणार. सुटा सुटा पाहिला तर यातला एकही रकाना अवाजवी वाटत नाही. पण हा अर्ज जातो कोणाकडे? कार्यक्रम विभागाकडे, तेथून सुरक्षा अधिकाऱ्याकडे, मग जोखीम आणि विमा पाहणाऱ्याकडे, आणि कधी कधी प्रसिद्धी विभागाकडे. या साखळीत त्या विषयाचा अभ्यासक एकही नसतो. आणि साखळीतल्या प्रत्येकाचा हिशेब सरळ असतो: जे व्याख्यान झालेच नाही त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही, जे बिघडले त्याबद्दल विचारतात. म्हणून कोणी बंदी घालत नाही. तारीख सरकते, सभागृहाऐवजी लहान खोली मिळते, प्रवेश ओळखपत्र असणाऱ्यांपुरता राहतो, आणि शेवटी मंडळाच्या वर्षभराच्या निधीपेक्षा मोठे असे सुरक्षेचे बिल हातात पडते.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. विरोधक जितके आक्रमक, तितका बंदोबस्त मोठा. बंदोबस्ताचा खर्च वक्त्याच्या यजमानांनी सोसायचा असेल, तर विरोधकांनी नुसती धमकी दिली तरी कार्यक्रम बंद पाडता येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली फोर्साइथ काउंटीच्या खटल्यात हेच ओळखले. ते प्रकरण मिरवणुकीच्या परवान्याचे होते, विद्यापीठाचे नव्हते. पण श्रोत्यांच्या संभाव्य संतापावरून शुल्क ठरवणे म्हणजे आशयावरून शुल्क ठरवणेच होय, हे त्यातील तत्त्व सरकारी विद्यापीठांनाही लागू पडते. ब्रिटनच्या २०२३ च्या उच्चशिक्षणातील भाषणस्वातंत्र्याच्या कायद्याने, ज्याची मुख्य कलमे इंग्लंडमध्ये १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली, हे अधिक स्पष्ट केले: अपवादात्मक परिस्थिती सोडली, तर सुरक्षेचा खर्च आयोजकांवर टाकता येत नाही.

हा खर्च किरकोळ नसतो, हेही मान्य केले पाहिजे. सप्टेंबर २०१७ मध्ये बेन शपिरो या उजव्या विचारांच्या भाष्यकाराच्या एका भाषणासाठी बर्कले विद्यापीठाने केलेला बंदोबस्त सुमारे ६ लाख डॉलरांचा असल्याचे सांगितले गेले. एका संध्याकाळसाठी एवढे पैसे घालणे शहाणपणाचे आहे का, असा प्रश्न कोणालाही पडेल आणि तो गैरही नाही. लहान संस्थेला तो परवडणारच नाही. पण मग वर्षाला किती मोठे कार्यक्रम झेपतील ते आधी जाहीर करावे आणि अर्ज ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने ते द्यावेत. विषय पाहून खर्च आठवणे हा त्यावरचा उपाय नाही.

आपल्या मंडळाने एक करावे: प्रत्येक मागणी लेखी द्यावी, उत्तरासाठी तारीख मागावी, आणि गेल्या वर्षभरात तेच सभागृह कोणाकोणाला व किती दिवसांत मिळाले त्याची नोंद ठेवावी. तारीख का सरकली हे त्यानंतर कोणाला तरी कागदावर सांगावे लागते.

प्रश्न : आमंत्रित वक्त्याला घोषणा देऊन बोलू न देणे, हीसुद्धा अभिव्यक्तीच नव्हे काय? वक्त्याच्या हाती ध्वनिक्षेपक असतो, आमच्याकडे फक्त आवाज.
– एक संशोधक विद्यार्थी

उत्तर : दारात फलक घेऊन उभे राहणे, भाषण सुरू होताच पाठ फिरवून निघून जाणे, वक्त्याची भंबेरी उडेल असा प्रश्न विचारणे, त्याच वेळी शेजारच्या सभागृहात प्रतिसभा भरवणे, या सर्व गोष्टी अभिव्यक्तीच आहेत आणि विद्यापीठाने त्यांना संरक्षण दिले पाहिजे. एखाद्या वाक्याला हुर्यो उडवली म्हणूनही कोणी कारवाई करू नये. पण जो ऐकायला आला आहे त्याला ऐकूच येऊ नये इतका आणि इतका वेळ गोंधळ घातला, की तेथे आपले मत मांडले जात नाही. दुसऱ्याच्या कानांवर आपण ताबा घेतो. ध्वनिक्षेपकाचा आपला मुद्दा खरा आहे, परंतु तो प्रश्नोत्तरांसाठी अर्धा वेळ मागण्याचा आधार होऊ शकतो, भाषण उधळण्याचा नाही.

येल विद्यापीठात एप्रिल १९७४ मध्ये विल्यम शॉक्ली यांना असेच बोलू दिले गेले नाही. ट्रान्झिस्टरसाठी भौतिकीचे नोबेल मिळवलेले हे गृहस्थ वंश आणि बुद्धिमत्ता यांच्या संबंधावर जी मते सांगत फिरत होते, त्यांचा त्यांच्या विषयाशी काहीच संबंध नव्हता आणि ती अत्यंत अपमानकारक होती. त्यानंतर येलने समिती नेमली ती सी. व्हॅन वुडवर्ड यांच्या अध्यक्षतेखाली. अमेरिकेतील वर्णभेदाच्या कायद्यांचा इतिहास लिहिणारा हा इतिहासकार शॉक्लींच्या मतांचा सहानुभूतीदार असण्याची सुतराम शक्यता नव्हती. तरीही सभा उधळणे हा विद्यापीठाच्या मूळ कामावरचाच घाला आहे असा त्या समितीचा निष्कर्ष निघाला. मार्च २०१७ मध्ये व्हरमाँट राज्यातील मिडलबरी महाविद्यालयात चार्ल्स मरी यांचे, म्हणजे बुद्धिमत्ता आणि वंश यांवरील 'द बेल कर्व्ह' या वादग्रस्त पुस्तकाच्या सहलेखकाचे, भाषण बंद पाडले गेले, तेव्हा कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करणाऱ्या प्राध्यापिकेलाच धक्काबुक्कीत दुखापत झाली. मरी यांना अडचणीत आणणारे प्रश्न घेऊन त्या बसल्या होत्या, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात राहिली.

एक मात्र सांगितले पाहिजे. विद्यापीठाने आमंत्रण द्यावे असा हक्क कोणालाच नसतो. कोणाला बोलवायचे नाही हे ठरवणे ही निवड आहे, आणि तिच्यावर टीका करता येते. बोलावल्यानंतर दडपणाखाली आमंत्रण मागे घेणे ही वेगळी गोष्ट आहे. तेव्हा शॉक्लींसारख्या माणसाला बोलावणे शहाणपणाचे होते का, हा वाद ज्या विद्यार्थी संघटनेने बोलावले तिच्याशी आधीच घालावा.

प्रश्न : वर्गातल्या एका चर्चेत माझ्या मुलीला तिच्या समाजाविषयी अतिशय बोचरे ऐकावे लागले. तक्रार केली तर "हे मतस्वातंत्र्य आहे" असे उत्तर मिळाले. मग विद्यार्थ्यांना संरक्षण कसले?
– एक पालक

उत्तर : आपल्या मुलीला झालेला त्रास खरा आहे, आणि केवळ नियमाकडे बोट दाखवून तो झटकून टाकणारा अधिकारी आपले काम करत नाही. पण शिक्षा कशासाठी करायची याची रेषा त्रासावरून आखता येत नाही, कारण त्रास कोणाला कशाने होईल याला अंत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९८८ साली अपमानकारक बोलण्याविरुद्ध नियमावली केली. तिला आव्हान दिले ते जैविक मानसशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने: स्त्री-पुरुषांमधील फरकांना जैविक कारणे असू शकतात, या गृहीतकाची चर्चा केली तरी कारवाई होईल अशी त्याला भीती होती. काय बोलले तर गुन्हा आणि काय बोलले तर नाही, हे नियमावली वाचून कळतच नाही, या मुख्य कारणाने १९८९ साली न्यायालयाने ती रद्द केली.

याउलट छळ ही वेगळी बाब आहे. विद्यार्थ्याकडून विद्यार्थ्याच्या होणाऱ्या छळाबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली डेव्हिस खटल्यात कसोटी घालून दिली: वागणूक इतकी गंभीर, इतकी सर्वव्यापी आणि वस्तुनिष्ठ दृष्टीनेही इतकी आक्षेपार्ह असली पाहिजे, की त्या विद्यार्थ्याला शिक्षणाचा लाभ घेणेच अशक्य व्हावे. एका तासाला ऐकलेले बोचरे मत सहसा या कसोटीत बसत नाही. तेच बोलणे रोज, त्याच मुलीला उद्देशून, जिन्यात, संदेशांतून, वसतिगृहाच्या दारावर येऊ लागले, तर बसते. आपण तक्रारीत मताविषयी न लिहिता वागणुकीविषयी लिहावे: कोण, केव्हा, किती वेळा, कोणाला उद्देशून, आणि त्याचा तिच्या अभ्यासावर काय परिणाम झाला.

संस्थांची विश्वासार्हता यात कशी जाते, याचे उदाहरण ५ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सर्वांनी पाहिले. ज्यूंच्या वंशसंहाराचे आवाहन करणे आचारसंहितेचा भंग ठरते का, या प्रश्नाला हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटी या तीन विद्यापीठांच्या अध्यक्षांनी, ते संदर्भावर अवलंबून आहे, अशा आशयाची उत्तरे दिली. कायद्याच्या चौकटीत पाहिले तर ते उत्तर बरेचसे बरोबर होते. पण ते कोणाच्या गळी उतरले नाही, कारण त्याआधीच्या वर्षांत अशाच संस्थांनी कितीतरी किरकोळ बोलण्यावरून चौकश्या लावल्या होत्या, आमंत्रणे परत घेतली होती आणि निषेधाची पत्रे काढली होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, अशी कीर्ती एकदा झाली की बरोबर उत्तरही पळवाट वाटू लागते. पेनसिल्व्हेनियाच्या अध्यक्षांनी चार दिवसांत राजीनामा दिला. हार्वर्डच्या अध्यक्षांनी २ जानेवारी २०२४ रोजी दिला, त्यात साहित्यचौर्याच्या आरोपांचीही भर पडलेली होती.

प्रश्न : युद्ध, वंशविद्वेष, हवामानबदल अशा प्रश्नांवर विद्यापीठाने भूमिका घेऊ नये हे पळपुटेपणाचे वाटत नाही का? ज्ञानसंस्थाच गप्प राहिली तर बोलायचे कोणी?
– एक प्राध्यापिका

उत्तर : बोलायचे आपण, आपल्या विद्यार्थ्यांनी आणि आपल्याशी असहमत असणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी. संस्थेने गप्प राहायचे ते या सर्वांना बोलता यावे म्हणून. शिकागो विद्यापीठाने १९६७ साली, व्हिएतनाम युद्धावरून आवारात वातावरण तापलेले असताना, कायद्याचे प्राध्यापक हॅरी कॅल्व्हन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालाचा सारांश असा, की विद्यापीठ हे टीकाकारांचे घर आहे, स्वतः टीकाकार नाही. आणि सामूहिक भूमिका घेतली की अल्पमतात असणाऱ्यांवर दडपण आल्याशिवाय राहत नाही. अहवाल अवघ्या काही पानांचा आहे आणि अशा अहवालांच्या मानाने विलक्षण वाचनीय आहे.

या विचाराचा व्यवहार पाहायचा असेल तर कुलगुरूंच्या निवेदनाऐवजी एखाद्या विभागाच्या निवेदनाकडे पाहावे. विभागप्रमुख संध्याकाळी सर्वांना मसुदा पाठवतात, सकाळपर्यंत सह्या हव्या असतात. कायम प्राध्यापक सही करतात किंवा सरळ नाही म्हणतात. परिवीक्षाधीन सहायक प्राध्यापक मात्र मसुदा पुन्हा पुन्हा वाचतो: सही न केलेल्यांची नावे यादीत दिसणार नाहीत हे खरे, पण नसलेली नावे ओळखायला कितीसा वेळ लागतो? दोन वर्षांनी त्याच्या कायम नेमणुकीवर मतदान करणारे हेच लोक असतात. त्याच्यावर कोणी जबरदस्ती केलेली नसते, तरी तो सही करतो.

तटस्थतेवरचा सर्वांत सबळ आक्षेप पैशाचा आहे. विद्यापीठाचा गुंतवणूक निधी कोणत्या कंपन्यांत आहे, कोणाशी संशोधनाचे करार आहेत, यांतूनही भूमिका व्यक्त होतेच. मग निवेदन काढताना तेवढी तटस्थता का आठवते? हा आक्षेप मला पूर्णपणे खोडता येत नाही. कॅल्व्हन समितीनेही मालमत्ता आणि निधी यांच्याबाबत अपवादात्मक प्रसंगी नैतिक विचार करावा लागेल हे मान्य केले होते. दुसरा अपवाद अधिक स्पष्ट आहे: विद्यापीठाच्या कामावरच घाला येत असेल, म्हणजे संशोधनावर बंदी, विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर गदा, अभ्यासक्रमात हस्तक्षेप, तर संस्थेने बोलले पाहिजे, मोठ्याने बोलले पाहिजे. हार्वर्डने मे २०२४ मध्ये आपल्या मूळ कार्याशी संबंध नसलेल्या सार्वजनिक प्रश्नांवर अधिकृत निवेदने न काढण्याचे धोरण स्वीकारले. टीका पुरेशी सोसून झाल्यावर तटस्थता सुचली, असे कोणी म्हटले तर त्याला चूक म्हणता येणार नाही. पुढच्या संकटातही हे धोरण टिकले, तरच त्याला धोरण म्हणायचे.

प्रश्न : शेवटी ज्याचा पैसा त्याचा शब्द, हेच खरे ना? देणगीदार आणि सरकार यांच्यापुढे कोणते विद्यापीठ उभे राहिले आहे?
– एक वाचक

उत्तर : काही उभी राहिली आहेत, पुष्कळशी वाकली आहेत, आणि गमतीची गोष्ट अशी की आजचे शैक्षणिक स्वातंत्र्याचे नियम उभ्या राहिलेल्यांपेक्षा वाकलेल्यांमुळेच लिहिले गेले. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९०० साली एडवर्ड रॉस या प्राध्यापकाला संस्थापकांच्या पत्नी आणि सर्वाधिकारी विश्वस्त जेन स्टॅनफर्ड यांच्या आग्रहामुळे जावे लागले. रॉस यांनी शहरातील सेवा सार्वजनिक मालकीच्या असाव्यात असे म्हटले होते, हे भांडवलदार घराण्याला रुचणारे नव्हते. पण त्यांनी जपानी स्थलांतरितांविरुद्ध जे भाषण केले ते आजच्या कोणत्याही निकषाने विद्वेषी होते. निषेध म्हणून राजीनामा देणाऱ्या प्राध्यापकांमध्ये आर्थर लव्हजॉय होते आणि पंधरा वर्षांनी प्राध्यापकांची राष्ट्रीय संघटना उभारण्यात जॉन ड्युई यांच्याबरोबर तेच पुढे होते. ज्या भाषणाचे समर्थन करणे अवघड, त्याच्या निमित्ताने हे संरक्षण जन्माला आले, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या उत्साही मंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता अलीकडचे पाहू. इलिनॉय विद्यापीठाने २०१४ साली स्टीव्हन सलायटा यांना देऊ केलेली नेमणूक गाझाविषयीच्या त्यांच्या जहाल ट्वीटनंतर मागे घेतली. देणगीदारांची पत्रे त्याआधी प्रमुखांच्या टपालात येऊन पडली होती, हे पुढे उघड झाले. प्राध्यापक संघटनेने विद्यापीठावर ठपका ठेवला आणि २०१५ साली विद्यापीठाला ८ लाख ७५ हजार डॉलरांची तडजोड करावी लागली.

सरकारचा हात त्याहून लांब असतो. जर्मनीत १८३७ साली हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा ग्यॉटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी निषेध नोंदवला. सातही जणांना बडतर्फ केले गेले आणि तिघांना तीन दिवसांत राज्याबाहेर जाण्याचा हुकूम मिळाला. परीकथांमुळे घराघरांत पोचलेले ग्रिम बंधू या सातांत होते. आज कोणाला हद्दपार करावे लागत नाही, अनुदान रोखले की पुरते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या मागण्या हार्वर्डने नाकारताच सुमारे २.२ अब्ज डॉलरांची अनुदाने गोठवण्यात आली. सप्टेंबरमध्ये संघराज्य न्यायालयाच्या न्यायाधीशांनी ती कृती बेकायदा ठरवली. कोलंबिया विद्यापीठाने मात्र जुलै २०२५ मध्ये २० कोटी डॉलर तीन वर्षांत भरण्याची तडजोड पत्करली. त्याशिवाय २ कोटी १० लाख डॉलर वेगळे. हार्वर्डच्या धैर्याचे कौतुक करावेच, पण जगातला सर्वांत मोठा विद्यापीठीय निधी तिजोरीत असताना धैर्य थोडे स्वस्त पडते, हेही विसरू नये. ज्या संस्थेची प्रयोगशाळा पुढच्या महिन्याच्या अनुदानावर चालते, तिला कोणी मागणीचे पत्र पाठवण्याचीही गरज पडत नाही.

प्रश्न : मी दर सत्राला नव्याने नेमला जाणारा व्याख्याता आहे. ही सगळी स्वातंत्र्याची चर्चा माझ्यासाठी आहे का?
– एक कंत्राटी शिक्षक

उत्तर : कागदावर आहे, प्रत्यक्षात फारशी नाही. अमेरिकेतील सुमारे दोनतृतीयांश शिक्षक आज कायम नेमणुकीच्या वाटेबाहेर आहेत. १९८७ साली हे प्रमाण निम्म्याहून थोडे कमी होते. त्यांना बोलल्याबद्दल काढून टाकावे लागत नाही, पुढच्या सत्राचे पत्र आले नाही की झाले, आणि पत्र न येण्याला कारण द्यावे लागत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. वक्त्यांची आमंत्रणे रद्द होण्यावर स्तंभच्या स्तंभ लिहिले जातात, आणि ज्यांच्या हाती प्रत्यक्ष वर्ग आहेत त्यांच्यातल्या बहुसंख्यांना आपले मत झाकून ठेवावे लागते, याची बातमी होत नाही. माझ्या मते स्वातंत्र्यासाठी कळकळ असणाऱ्या संस्थेने नव्या जाहीरनाम्याआधी दोन नियम करावेत: ठरावीक सत्रे शिकवल्यानंतर किमान तीन वर्षांचा करार, आणि नूतनीकरण नाकारल्यास लेखी कारण व ते तपासणारी सहकाऱ्यांची समिती. याला पैसे लागतात, म्हणूनच जाहीरनामा आधी येतो.

प्रश्न : प्राध्यापकांच्या मताविरुद्ध निबंध लिहिला तर गुण कमी मिळतील या भीतीने मी त्यांना पटेल तेच लिहिते. हे चूक आहे का?
– पदवीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : चूक म्हणणार नाही; पण भीती किती खरी आहे हे आपण तपासून पाहिलेले नाही असे दिसते. विरुद्ध मत मांडणाऱ्याला गुण न देणारे शिक्षक असतात, तसेच आपलेच शब्द परत वाचून कंटाळलेले शिक्षकही पुष्कळ असतात, आणि ते सहसा हे बोलून दाखवत नाहीत. ज्या निबंधाला एकूण गुणांत वजन कमी आहे त्यात एकदा आपले खरे मत लिहावे; शिक्षकांचा सर्वांत बळकट युक्तिवाद आधी प्रामाणिकपणे मांडून मग त्याला उत्तर द्यावे. गुणदानाचे निकष आधी लेखी मागून घ्यावेत आणि नंतर शेरे त्या निकषांशी ताडून पाहावेत. शेऱ्यांत युक्तिवादातील उणिवा दाखवल्या असतील तर गुण कमी मिळूनही आपला फायदाच झाला. फक्त मतावर नापसंती असेल, तर फेरतपासणी मागण्यासाठी आपल्या हाती ते निकष आणि ते शेरे असतील.